शंभराव्या चित्राआधीची तीन चित्रं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत राहते, वय 44. एका कॉलेजात फी भरायच्या खिडकीवर कारकून आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या चित्रकलेच्या उरलेल्या वहीत सहज एक व्यंगचित्र काढलं आणि जिन्याखालच्या सोसायटीच्या फलकावर लावलं. लोक हसले. तेव्हापासून दर रविवारी एक चित्र लावते. आता 97 झाली आहेत. जो तो विचारतो, “शंभरावं कधी?” यंदा गणपतीत शंभर चित्रांचं प्रदर्शन मांडायचं असंही ठरलंय. आणि गेले सहा आठवडे मला एकही चित्र सुचलेलं नाही. कागद घेऊन बसते, तास जातो, उठते. दुपारी दोनला जेवणाची सुट्टी झाली की आमच्या खिडकीत एक मांजर येऊन बसतं, तेसुद्धा आता काही देत नाही. शंभरावं चित्र तरी खास हवं ना? भाचा म्हणतो, “मावशी, विषय सांग, मोबाइल दोन मिनिटांत काढून देईल.” त्यातच 95 व्या चित्रावरून खालच्या मजल्यावरचे एक काका दुखावलेत, बोलत नाहीत. मी चित्रकला कुठे शिकलेली नाही. मी खरंच व्यंगचित्रकार आहे, की ही दोन वर्षं नुसती हौस झाली? सोबत बारा चित्रांच्या झेरॉक्स पाठवते.

– एक वाचक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चित्रं त्याहून जास्त वेळा पाहिली. मागे तुम्ही क्रमांक घातलेत हे फार बरं केलंत, कारण मला ती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडता आली आणि चौथ्या चित्रापासून 97 व्यापर्यंत चालत जाता आलं.

चौथ्या चित्रात फीच्या खिडकीसमोर रांग आहे, पण ती चपलांची. माणसं लांब कडुलिंबाखाली सावलीला बसलीत आणि खिडकीतला कारकून पहिल्या चपलेपुढे वाकून तिला पावती देतोय. शब्द एकही नाही. घरात मी एकटीच होते, तरी मोठ्यांदा हसले. मग जवळून पाहिलं तर प्रत्येक चप्पल वेगळी. एक टाचेला झिजलेली, एकीच्या तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. ती पिन घरी बसून सुचत नाही. ती तुम्ही पाहिलेली आहे.

93 व्या चित्रात कट्ट्यावर दोन माणसं बसलीत. दोघांचे चेहरे समोर. हात दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत. डोक्यावर संवादाचे दोन मोठे फुगे. मी शब्द मोजले, 41 भरले. मोबाइलमुळे माणसं बोलेनाशी झाली, असं ती दोघं एकमेकांना सांगतायत. विनोद वाईट नाही. पण तो वाचून झाला की संपतो, नजर पुन्हा चित्राकडे वळत नाही. ती दोन माणसं काढून तिथे दोन बायका बसवल्या, नाहीतर दोन पोपट बसवले, तरी विनोदाला काही फरक पडणार नाही.

या बारांवरून सांगते, बदल साधारण साठाव्या चित्राच्या पुढे सुरू झालाय. तिथून तुमची खिडकी नाहीशी होते. रांग, शिक्का, पंख्याने उडणाऱ्या पावत्या, सुट्या पैशांवरची हुज्जत, हे सगळं जातं आणि वर्तमानपत्रातले विषय येतात. चेहरे मोठे होतात, हात जातात, शब्द वाढतात. मला वाटतं, त्याच सुमारास फलकापाशी लोक रविवारची वाट बघायला लागले असणार. मग चित्र काढताना तुम्ही खिडकीबाहेर बघायच्या ऐवजी फलकापुढे उभ्या राहणाऱ्या लोकांकडे बघायला लागलात. त्यांना काय आवडेल, काय पटेल, कशाला हसतील. आता त्यात शंभर हा आकडा येऊन बसला. सुचणं आटलं असं तुम्ही म्हणता, मला तसं दिसत नाही. तुम्ही बघायची जागा बदलली आहे, एवढंच दिसतं.

म्हणून पहिलं काम असं करा. ही बारा चित्रं पुन्हा समोर मांडा आणि प्रत्येकातले शब्द अंगठ्याने झाका. शब्द झाकल्यावर चित्रात काही उरतं का ते बघा. चौथ्यात सगळंच उरतं. विसाव्यातही उरतं, तो ओल्या छत्र्यांचा गुच्छ आणि कोरडा शिपाई. 93 व्यात काही उरत नाही. शब्द असलेलं व्यंगचित्र कमी प्रतीचं असतं असं मी म्हणत नाही, उत्तम व्यंगचित्रं शब्दांवर उभी असतात. पण ज्याचा हात बोलतो त्याने तोंडाला काम दिलं की हात आळसावतो, आणि तुमचा हात बोलणारा आहे.

आपल्याकडे या बाबतीत शि. द. फडणीसांएवढा मोठा धडा दुसरा नाही. 1925 साली बेळगाव भागातल्या भोज या गावी जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर बहुतेक सगळी चित्रं शब्दांवाचून काढली. ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं ते मुखपृष्ठ आठवा: तरुण आणि तरुणी शेजारी उभे, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. एक अक्षर लिहिलेलं नाही, पण दोघांमध्ये पुढे काय होणार ते सगळं तिथे आहे. पुढे त्यांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. आमच्या पिढीच्या शिक्षकांना ठाऊक आहे, त्या चित्रांमुळे कितीतरी मुलांनी गणिताचं पुस्तक आपणहून उघडलं. फडणीसांच्या चित्रात पाहा, गंमत नेहमी वस्तूंच्या जागेत असते. कुठली वस्तू कुणाच्या शेजारी ठेवली, यात. ते तुम्हाला चपलांच्या चित्रात आपोआप साधलं होतं. आता ते जाणूनबुजून करून बघायचं.

कसं, ते तुमच्याच मांजरावर करून दाखवते. दोन वाजलेत, ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी लागली आहे, मांजर खिडकीत आहे.

पहिली कल्पना कुठली येईल? मांजर शिक्का मारतंय. ही सगळ्यांनाच येईल. ती कागदावर काढून टाका, कारण डोक्यात ठेवली तर ती दुसरीला आत येऊ देत नाही. दुसरी: रांगेतला माणूस मांजरालाच विचारतोय, “मॅडम कधी येणार?” यात थोडी गंमत आहे, पण पुन्हा शब्दांवर भार आहे. तिसरी: मांजर चष्मा लावून फाइल वाचतंय. ही पहिलीच आहे, वेगळ्या कपड्यांत. इथे पाचात चार माणसं उठतात आणि म्हणतात, सुचत नाही. तुम्ही उठू नका. मांजर सोडा आणि त्या चित्रात आणखी काय आहे ते बघा. पाटी आहे. ‘जेवणाची सुट्टी’. ही पाटी माणसांना सांगते, निघा. पण मांजराला ती काय सांगत असेल? मांजराला ती सांगते, या, जेवण सुरू झालं! झालं, आता चित्र उभं राहतं. आत कारकून डबा उघडून बसल्या आहेत. बाहेरची माणसांची रांग पांगली आहे. आणि पाटीखाली मांजरांची रांग लागली आहे, शिस्तीत, एकामागे एक, पहिलीचे पुढचे दोन पाय खिडकीच्या कठड्यावर. शब्द फक्त पाटीवरचे, आणि तेही आधीपासून तिथेच होते.

ही कल्पना मी तुम्हाला दिली असं समजू नका. मांजर तुमचं, पाटी तुमची, दोनची वेळ तुमची. मी फक्त पहिल्या तीन कल्पना कागदावर टाकून बाजूला सारल्या. मला स्वतःला चौथी-पाचवी येईपर्यंत बरं काही मिळत नाही, आणि ज्या व्यंगचित्रकारांशी या विषयावर माझं बोलणं झालंय, त्यांचंही थोड्याफार फरकाने असंच आहे.

कल्पना ठरली की एकदम मोठ्या कागदावर जाऊ नका. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटी आखा, सहा-सात, आणि त्यात काडीची माणसं काढून नुसती मांडणी बघा. खिडकी डावीकडे की उजवीकडे? आपण आतून बघतोय की बाहेरून? मांजरांची रांग बाजूने दिसली तर लांब दिसेल, समोरून दिसली तर पहिल्या मांजराचं तोंड मिळेल. आपण मराठी डावीकडून वाचतो, म्हणून नजर डावीकडून शिरते. जे शेवटी कळायला हवं ते उजवीकडे ठेवलं तर बरं पडतं. या तिकिटांमध्ये अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. माझा अनुभव असा की चित्र इथेच ठरतं, पुढचं सगळं सफाईकाम आहे.

तुमच्या नव्या चित्रांत आणखी एक गोष्ट खटकते. पेन्सिलीची रेघ जिवंत असते आणि शाईची रेघ तिच्यावरून घाबरत चालते. गिरवल्यासारखी. पेन्सिलीचं रेखाटन खिडकीच्या काचेला लावा, वर दुसरा कोरा कागद धरा आणि मागून उजेड येत असताना थेट शाईने नवं चित्र काढा. गिरवायचं नाही, खालच्या चित्राकडे बघत नवं काढायचं. पहिलं बिघडेल, दुसरं बिघडेल, तिसऱ्यात हात सैल होईल. रेघ ओढताना श्वास धरून ठेवू नका. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण करून बघा.

मोबाइलचं म्हणाल तर भाच्यावर रागावू नका, त्याला मदतच करायची आहे. मोबाइल चित्र काढून देईल. पण चप्पल काढायला सांगितलीत तर ती धड चप्पल काढेल. सेफ्टी पिन लावलेली तुम्हालाच सांगावी लागेल, आणि ती सांगता येण्यासाठी आधी तुम्ही ती पाहिलेली असायला हवी. कागदाऐवजी टॅबलेटवर काढायचं असेल तर खुशाल काढा, त्यात काही बिघडत नाही.

आता शंभराबद्दल. अमेरिकेतल्या चार्ल्स शुल्झ यांनी आपली ‘पीनट्स’ ही चित्रमालिका 2 ऑक्टोबर 1950 ला सुरू केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने काढली. एकूण 17,897 चित्रपट्ट्या. शेवटची 13 फेब्रुवारी 2000 ला छापून आली, ते आदल्याच रात्री गेले होते. आकडा प्रचंड आहे, पण मला तो वाचताना नेहमी वाटतं, यातलं नऊ हजारावं कुठलं हे कुणाला ठाऊक आहे? लोकांना लक्षात आहे तो पतंग झाडात अडकवणारा मुलगा आणि घराच्या छपरावर झोपणारा कुत्रा.

आपल्या शेजारचं उदाहरण त्याहून तुमच्या जवळचं आहे. गोव्यात लोटलीला राहिलेले व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तरुणपणी रोज सचित्र डायरी लिहीत. लग्नं, मिरवणुका, पाद्री, गावातल्या म्हाताऱ्या, नाचाचे कार्यक्रम, जे दिवसा दिसलं ते रात्री वहीत. 1949, 1950 आणि 1951 या सालांच्या त्या डायऱ्या फार नंतर पुस्तकरूपाने आल्या, म्हणून आपल्याला दिसल्या. काढताना त्यांच्यापुढे फलक नव्हता, रविवार नव्हता आणि मोजणारंही कुणी नव्हतं. पुढच्या आयुष्यात त्यांच्या चित्रांत जी माणसांची गर्दी दिसते, प्रत्येक जण निराळा, तिचं बी-बियाणं त्या वह्यांत आहे.

अशी एक वही तुम्ही आजच करा. हातात मावेल एवढी. ती कुणाला दाखवायची नाही, फलकावर लावायची नाही, क्रमांक घालायचा नाही. रोज एक चेहरा किंवा एक हात किंवा कानावर पडलेलं एक वाक्य.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी सांगलीत तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि सोबत व्यंगचित्रं काढली. दिवाळी अंकांत छापून आलेली माझी चित्रं मी कात्रणं करून, क्रमांक घालून ट्रंकेत ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर उघडली तर आत लगदा. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी रडले ते छापलेल्या चित्रांसाठी नाही, ती अंकांत कुठे ना कुठे असतील. त्याच ट्रंकेत एस.टी. स्टँडवर बसून काढलेल्या चेहऱ्यांच्या दोन वह्या होत्या. एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन झोपली होती, कोंबडीही झोपली होती. ते पान मला आजही डोळे मिटले की दिसतं, आणि परत काढायला गेले की येत नाही. तेव्हा चित्रं वरच्या फळीवर ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो काढून दुसऱ्या कुणाच्या तरी घरीही ठेवा. एवढं माझं ऐका.

तुम्ही व्यंगचित्रकार आहात का, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा बिचकत विचारलाय. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. सिमेंट कंपनीत नोकरी केली, आणि ती करता करताच त्यांनी ‘ललित’ मासिकातल्या ठणठणपाळच्या, म्हणजे जयवंत दळवींच्या, सदराची चित्रं काढली, मराठी लेखकांची अर्कचित्रं, म्हणजे चेहऱ्यातली खुबी वाढवून काढलेली चित्रं, काढली, शिवाय व्यंगचित्र म्हणजे काय यावर इतक्या बारकाईने लिहिलं की आजही शिकणाऱ्याला मी आधी तेच वाचायला सांगते. त्यांची नोकरी त्यांच्या चित्रांच्या आड आली असं मला कधी वाटलं नाही. उलट, इमारतीचा भार कशावर आहे हे बघणाऱ्या माणसाची नजर त्या रेषेत दिसते. शिक्षणाचं म्हणाल तर आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. पुढे त्यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस सगळ्या देशाने ओळखला. नाकारलेले सगळे लक्ष्मण होतात असा याचा अर्थ काढू नका. तुमच्या हातात चौथं चित्र आहे, एवढ्यापुरतंच बोला. ज्याने ते काढलं तो व्यंगचित्रकारच आहे, हे मी तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या डोळ्यांनी सांगते. आणि हौसेला ‘नुसती’ म्हणू नका, मला ते वाचून वाईट वाटलं.

आता त्या काकांचं. 95 वं चित्र तुम्ही पाठवलंत, ते प्रामाणिकपणाचं आहे. आडवी लावलेली स्कूटर, आणि तिच्यावर चढून पलीकडे जाणारी सगळी बिल्डिंग. कल्पना छान आहे. पण स्कूटरवाल्याला तुम्ही त्यांच्या मिशा दिल्यात, त्यांची टोपी दिलीत, स्कूटरवरचा स्टिकरसुद्धा त्यांचाच. अर्कचित्र काढावं ते खुर्चीवर बसलेल्याचं, ज्याला उत्तर द्यायला माइक आहे, पेपर आहे, माणसं आहेत. काकांना उत्तर द्यायला जिन्यातली चार पावलं आहेत, आणि तिथेच लोक उभे राहून हसत होते. आडवं वाहन हा विषय सगळ्यांचा आहे, त्या मिशा एकट्या त्यांच्या आहेत. तुम्ही स्वतः खाली जा, फोन नको. “काका, चित्रात तुम्हाला ओळखता येईल असं काढलं, ते माझं चुकलं,” एवढं सरळ म्हणा. आडव्या स्कूटरचा विषय त्या दिवशी काढू नका. आणि प्रदर्शनात ते चित्र नको.

प्रदर्शनाबद्दल थोडं. शंभर चित्रं लावू नका. गणपतीत लोक आरतीच्या आधी दहा मिनिटं आणि प्रसादानंतर दहा मिनिटं उभे राहतात, तेवढ्यात शंभर कुणी बघत नाही. पंचवीस निवडा. निवडताना मुलीला आणि भाच्याला बसवा, अंगठ्याची परीक्षा तिथेही घ्या. मूळ चित्रं टांगू नका, त्यांच्या मोठ्या झेरॉक्स काढा आणि सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावा, डोळ्यांच्या उंचीवर, मुलांसाठी एक ओळ खाली. उदबत्ती-कापराच्या जवळची भिंत घेऊ नका. स्केचपेनची चित्रं उन्हाने फिकी पडतात, तुमच्या सुरुवातीच्या दोन-तीनांत आत्ताच पडायला लागलीत. यापुढे पाण्याने न पसरणारी काळी शाई वापरा, आणि वहीच्या पातळ कागदाऐवजी जरा जाड ड्रॉइंग पेपर घ्या. पहिलं चित्रही लावा, कितीही कच्चं वाटलं तरी.

राहिली 98, 99 आणि 100. त्यांना क्रमांक आत्ता घालू नका. तीन चित्रं काढा, तिन्ही खिडकीतून दिसलेली, आणि फलकावर लावल्यानंतर मागे तारीख टाका. कुठलं शंभरावं ठरतं ते सोसायटीतली मुलं मोजतील. मांजरांचं काढायला घ्याल तेव्हा एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. पहिलं मांजर सोपं आहे, शेवटचं अवघड. रांगेत शेवटी उभं राहणाऱ्याला खिडकी दिसत नसते. तो टाचा उंचावतो, पुढच्याच्या खांद्यावरून बघतो, घड्याळ बघतो, मधेच बसून घेतो. मांजर यातलं काय करेल ते मला सुचलेलं नाही. सोमवारी दोनला पाटी लावण्याआधी रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे जरा वेळ बघा, आणि काढलंत की मला झेरॉक्स पाठवा.

तुमची,
ताई